आयडी पाच जणांची, लॉगिन एकाचं

रविवार, 21 सप्टेंबर 2025. सर्वपित्री अमावास्या. वडिलांच्या नावाचं पान ठेवून झालं होतं, खानावळीची शेवटची पंगत उठली होती. हात पुसत मागच्या पडवीत आलो तर पाच पोरं ताटकळत बसलेली. चार बाकावर, एक पायरीवर. पायरीवरचा तेजस. बाकावरचं कुणीही त्याच्याकडं बघत नव्हतं.

सांगलीत विश्रामबागेला आमचं घर आहे आणि घराच्या मागच्या अंगाला बायकोची खानावळ. आसपासच्या कॉलेजांची पंचवीस-तीस पोरं दोन्ही वेळ जेवायला असतात. मी पुढच्या खोलीत कर सल्लागाराचं काम करतो. पोरांना भूक लागली की काकू आठवते, फॉर्म भरायचा असला की काका. भांडण घेऊन मात्र ती पहिल्यांदाच आली होती.

ओंकारनं तोंड उघडलं. "काका, ह्यानं आमची आयडी विकली."

आयडी म्हणजे मोबाईल गेममधलं खातं, एवढं मला ठाऊक होतं. गेमचं नाव देत नाही. विमानातून उतरायचं, बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत टिकायचं, त्या जातीतला कुठलाही धरा. पोरांची नावंही बदलली आहेत.

झालं होतं ते असं. जून 2024 मध्ये, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, पाच जणांनी भिशी सुरू केली. माणशी 300, म्हणजे महिन्याला 1,500 रुपये. साध्या भिशीत दर महिन्याला एकाचा नंबर लागतो. ह्यांच्या भिशीत नंबर कुणाचाच नव्हता, सगळा पैसा एकाच आयडीवर जायचा. पाच फुटकळ आयड्या सांभाळण्यापेक्षा एक भारी करू आणि आळीपाळीनं खेळू, असा विचार. लॉगिन तेजसच्या ईमेलवर, कारण सगळ्यांत जुनी आयडी त्याची. जुलै 2025 पर्यंत चौदा हप्ते पडले. ऑगस्टच्या सुरुवातीला तेजसनं ती आयडी एका ग्रुपवरून साताऱ्याच्या कुणाला तरी 6,500 रुपयांना विकली, आणि चौघांना सांगितलं की हॅक झाली. चौघांनी त्याचं सांत्वनसुद्धा केलं होतं. दीड महिन्यानं साहिलला एका मॅचमध्ये समोरून तेच नाव, तेच कपडे आणि तीच बंदूक येताना दिसली.

"मला मारलं बी त्यानं," साहिल म्हणाला. "आमच्याच बंदुकीनं."

हसू आलं होतं, पण मी दाबलं. चौघांची मागणी होती 16,800 रुपयांची. प्रत्येकाचे चौदा महिन्यांचे 4,200, चौघांचे मिळून तेवढे होतात. तेजस म्हणत होता, जे आलेत त्यातलंच वाटून देतो. आणि मी पंच.

वही

पंचानं आधी वही बघावी. वही अनिकेतकडं होती. तो तासगाव तालुक्यातला, घरी बेदाण्याचं शेड, त्यामुळं हिशोबाची सवय अंगात. शंभर पानी वही, उभ्या रेघा मारून तीन रकाने केलेले: तारीख, किती, कशाला. अक्षर छान, खाडाखोड नाही. पण 'किती'च्या खाली जे आकडे होते ते रुपयांचे नव्हतेच. 1,000. 480. 1,000. 90. चौदा महिने हा पोरगा डायमंडमध्ये, म्हणजे गेममधल्या चलनात, हिशोब लिहीत होता.

माझ्या वडिलांनी इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर एकतीस वर्षं दिवाणजी म्हणून वही लिहिली. त्यांचं एक बोलणं होतं: माल लिहिला आणि भाव लिहिला नाही, तर ती वही नव्हे, पत्र. मी अनिकेतला पेन दिलं आणि म्हटलं, चौथा रकाना आख. वर लिही, रुपये.

त्याला दीड तास लागला. कारण गंमत अशी की एका डायमंडचा एक भाव नसतो. 79 रुपयांना 90 मिळतात, 399 ला 480, 799 ला 1,000. हे पॅक. आणि गेममधल्या वस्तूंच्या किमती नेमक्या पॅकच्या वर जाऊन बसलेल्या. ड्रेस 1,199 डायमंडचा, मोठा पॅक 1,000 चा. दुसरा पॅक घेतला की 801 उरतात. उरलेले नुसते पडून राहिले की डोळ्यांत सलतात, म्हणून ते कशावर तरी उडवायचे, मग पुढच्या वस्तूला पुन्हा कमी पडतात. आमच्या बाजारात सुटे पैसे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर टेकवणारे दुकानदार आहेत, पण त्या चॉकलेटवर पुढचा किराणा घ्यायला भाग पाडणारा दुकानदार मी अजून पाहिला नाही.

पैसे भरायची वाटही बघण्यासारखी. कॉलेजजवळच्या एका दुकानात रोख पैसे दिले की रिडीम कोडचा कागद मिळतो, तो कोड टाकला की गेममध्ये खरेदी करता येते. ना ओटीपी, ना बँकेचा मेसेज, ना बापाच्या फोनवर टिंग. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्ये पालकांसाठी सूचना काढल्या होत्या, त्यात गेममधल्या खरेदीसाठी ओटीपीचा मार्ग ठेवा असं सांगितलं होतं. रोखीच्या कागदापुढं त्या सूचनेचं काय चालणार?

चौथा रकाना भरला. बेरजा मी केल्या. महिन्याचा पास, 399 प्रमाणे चौदा वेळा: 5,586. थेट विकत घेतलेले कपडे, नाच, पॅराशूट वगैरे: 5,751. फिरवायला, म्हणजे चक्र फिरवून नशिबात येईल ते घ्यायला, 799 चे बारा पॅक: 9,588. बेरीज 20,925. उरलेले 75 रुपये कुठं गेले ते शेवटच्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलं होतं: भडंग.

सूरजनं तो कागद माझ्या हातातून घेतला. "फिरवण्यात साडेनऊ हजार?"

कुणी काही बोललं नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता तेवढाच.

ह्या फिरवण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मुळी इथं आहे. दहा फेऱ्यांना 400 डायमंड. हवी ती बंदूक लागायची शक्यता गेममध्येच एका कोपऱ्यात लिहिलेली: 0.5 टक्के. पोरांनी त्याचा अर्थ लावला, दोनशेत एक, म्हणजे दोनशे फेऱ्या झाल्या की मिळणारच. ते तसं नसतं. प्रत्येक फेरी नव्यानं सुरू होते, मागच्या फेऱ्या तिला आठवत नाहीत. दोनशे फेऱ्या पुऱ्या करणाऱ्या शंभर जणांतले साधारण 37 रिकाम्या हातानं उठतात. काही गेम ठरावीक फेऱ्यांनंतर वस्तू नक्की देतात, ह्यात तशी सोय नव्हती. पोरांना बंदूक लागली ती दहा-दहा फेऱ्यांच्या सत्ताविसाव्या खेपेला. म्हणजे 10,800 डायमंड. म्हणजे 8,629 रुपये.

मी विचारलं, "दुकानाच्या काचेत ही बंदूक ठेवली असती, खाली चिठ्ठी लावली असती 8,629, तर घेतली असती?"

अनिकेत, सूरज आणि ओंकारनं माना हलवल्या. साहिल म्हणाला, "मी घेतली असती."

हे उत्तर मी मुद्दाम नोंदवतो. हौसेला मोल नसतं हे आपण लग्नात आणि गणपतीत मान्य करतो, मग मोबाईलवरच्या हौसेला वेगळा न्याय कशाला? अठरा-वीस वर्षांचं पोरगं भाव बघून, खिशातले मोजून, हौसेनं काही घेत असेल तर त्यात नीतीचा प्रश्न मला दिसत नाही. सूरजचं म्हणणं तर आणखी पटण्यासारखं होतं: "काका, सुट्टीत मी पलूसला, तेजस जतला, ओम्या इथं वाड्यात. तरी रोज रात्री त्या आयडीवर भेट होत होती." महिन्याला 300 रुपये मैत्रीला लागले असं धरलं तर महाग नाही.

माझा आक्षेप आहे तो भाव झाकण्याला. साहिलला जो निर्णय घ्यायचा होता तो त्याला घेताच आला नाही, कारण 8,629 हा आकडा त्याच्यासमोर कधी आलाच नाही. तो आला माझ्या पडवीत, बंदूक विकली गेल्यानंतर. रुपयाचे आधी डायमंड केले, डायमंडच्या फेऱ्या केल्या, फेऱ्यांची टक्केवारी केली. तीन वेळा गाळलं की चव राहत नाही. जुगार काय असतो ते सांगलीला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही, हळदीच्या वायद्यानं इथली घरं वर आणलीही आहेत आणि बुडवलीही आहेत. पण वायद्यातसुद्धा भाव रुपयात बोलला जायचा.

बंदुकीचा आणखी एक पैलू होता, तो लवकर उरकतो. ती नुसती शोभेची नव्हती, तिनं मार थोडा जास्त बसायचा. म्हणजे समोरच्या फुकट्या खेळाडूवर अन्याय. ओंकारचं उत्तर तयार होतं: ज्याच्या दारात दुभती म्हैस त्याचा पैलवान तगडा, त्याला कोण लबाड म्हणतं? मुद्दा बरा आहे. पण म्हशीचं दूध पिऊनसुद्धा पहाटे उठून जोर मारावेच लागतात. इथं दूध प्यायलं की जोर आपोआप निघतात. शोभेचे कपडे विकणारा गेम आणि मार विकणारा गेम ह्यांत मी फरक करतो. पोरांना तो तितका मोठा वाटला नाही.

विकलं काय?

तेजसची बाजू ऐकायची राहिली होती. तो सारखा एकच वाक्य म्हणत होता: "आयडी माझ्या नावावर होती." ओंकारचं उलट: "पैसे आमचे बी होते."

मी दोघांना गेमच्या अटी उघडायला लावल्या. पाचांपैकी एकानंही त्या कधी वाचलेल्या नव्हत्या. आपल्यातला कोण वाचतो म्हणा. इंग्रजीत पानंच्या पानं. त्यातून निघालं ते असं: वस्तू खेळाडूच्या मालकीची होत नाही. कंपनी ती वापरायचा परवाना देते, परवाना दुसऱ्याला देता येत नाही, डायमंडला रोखीची किंमत नाही, आणि आयडी विकलेली आढळली तर ती कायमची बंद. ह्या धंद्यातल्या बहुतेक गेमांच्या अटी अशाच असतात. घेताना दुकान, आणि घेऊन झाल्यावर वाचनालय.

तेव्हा "माझ्या नावावर" आणि "आमच्या पैशाची" ही दोन्ही म्हणणी एकाच वेळी पडली. कागदावर ती आयडी पाचांपैकी कुणाचीच नव्हती. पोरं गांगरली. ओंकार तर उसळला, "मग चोरी कसली झाली?"

कसली झाली? माझं उत्तर असं: कंपनीच्या कागदात काही लिहिलेलं असो, पाचांचा आपापसांतला करार खरा होता. त्यांनी वस्तू वाटून घेतली नव्हती, विश्वास वाटून घेतला होता, आणि तेजसनं "हॅक झाली" म्हटलं त्या क्षणी तो मोडला. विकणं हा दुसरा गुन्हा, पहिला ते वाक्य. पण मला हेही दिसत होतं की तेजसनं चौघांशी जे केलं ते गेमनं पाचांशी आधीच केलं होतं. पैसे सगळ्यांचे घ्यायचे, चावी एकाच्या हातात ठेवायची, आणि खरं काय ते शेवटच्या पानावर. हे मी बोललो नाही. बोललो असतो तर तेजसला आडोसा मिळाला असता.

सूरजला वाटत होतं हे सगळं आता कायद्यानं बंदच झालंय. महिन्याभरापूर्वीची बातमी त्याच्या डोक्यात होती. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेत मंजूर झाला आणि 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, हे खरं. पण त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर. ड्रेस घेण्यावर नाही. आणि चक्र फिरवून ड्रेस मिळवणं हे दोहोंच्या मधे कुठंतरी लोंबकळतंय. दुसरीकडं ह्या चक्राला आधीच हात घातलाय: जपाननं 2012 मध्ये असल्या सोडतींचा एक प्रकार बंद पाडला, चीननं मे 2017 पासून शक्यता जाहीर करायला लावल्या, बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये काही गेमांतल्या, पैसे देऊन नशिबावर उघडायच्या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. मला सगळ्यांत पटलेलं मात्र मार्च 2025 मधलं युरोपचं. तिथल्या ग्राहक यंत्रणांनी तत्त्वं मांडली की गेममधल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दिसली पाहिजे, आणि नको तेवढं गेमचं चलन गळ्यात मारू नये. म्हणजे अनिकेतचा चौथा रकाना. युरोपीय संघाच्या ब्रुसेल्सला जे सुचलं ते मार्केट यार्डातल्या दिवाणज्याला ठाऊक होतं, असं म्हणायचा मोह मी आवरत नाही.

वयाचाही प्रश्न होता. भिशी सुरू झाली तेव्हा पाचही पोरं अठराच्या आतली, साहिल तर सोळाचा. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याच्या कलम 11 प्रमाणं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाला करार करता येत नाही. असा करार मुळातच रद्द असतो हे प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सगळ्यांत वरच्या कोर्टानं, 1903 मध्येच सांगून टाकलंय. त्या हिशोबानं पोरांनी दाबलेलं "ॲग्री" म्हणजे पाण्यावरची सही. व्यवहारात मात्र तक्रार करणारा पालक पुढं यावा लागतो, आणि रोखीच्या कोडाचा पुरावा म्हणून हाती काय, तर चुरगळलेला कागद. कंपन्या स्वतः मर्यादा घालतात त्याही बघाव्यात. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा गेम, जुलै 2021 मध्ये भारतात आला तेव्हा अठराच्या खालच्यांना दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला 7,000 रुपये खर्च अशी मर्यादा ठेवली होती. दिवसाला! चीनमध्ये 2019 च्या नियमानं आठ ते सोळा वयाच्या मुलाला महिन्याला 200 युआन. सात हजारांची मर्यादा ऐकून आमची खानावळवाली आतून म्हणाली, "एवढ्यात तर एका पोराचं अडीच महिन्यांचं जेवण होतंय."

तिथंच मी विचारलं, जे सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं. "तेजस, त्या पैशाचं केलंस काय?"

त्यानं मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं.

जून आणि जुलैचं त्याचं खानावळीचं बिल थकलं होतं. 2,800 प्रमाणं 5,600. बायकोनं त्याला दोनदा आठवण केली होती, रागावून नव्हे, पण केली होती. तिसरी वेळ येऊ नये म्हणून त्यानं आयडी विकली. 5,600 काकूच्या हातात दिले, 900 रुपयांत फोनची फुटलेली काच बदलली. जतकडचं कोरडवाहू घर, बापाकडं मागायची सोय नव्हती आणि मित्रांकडं मागायची लाज.

म्हणजे ज्या पैशाचा न्याय करायला मी बसलो होतो ते पैसे माझ्याच घरातल्या डब्यात येऊन खर्चून गेले होते. मी पंचाच्या खुर्चीवरून उठलो. खरंच उठलो, पाणी प्यायला म्हणून. बायको ओट्याशी उभी होती. हळूच म्हणाली, "अहो, मला काय माहीत? पोरगं हातात पैसे ठेवतंय, कुठनं आणलंस असं विचारायचं होतं का?"

विचारायला हवं होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

साताऱ्याचा फोन

बाहेर आलो तोवर ओंकारनं तोडगा काढलेला. लॉगिनचा ईमेल तेजसचाच होता, पासवर्ड तेवढा नव्या पोराला दिलेला. "रिकव्हर मारू. दोन मिनिटांत आयडी परत. पैसे बी आपल्याकडं, आयडी बी आपल्याकडं." ह्या बाजारात हे सर्रास चालतं असंही कळलं, विकणारे विकतात आणि आठवड्यानं परत ओढून घेतात. सूरजला ते फारसं वाईट वाटत नव्हतं. अनिकेत वहीकडं बघत होता.

मी म्हटलं, आधी ज्यानं घेतली त्याला फोन लावा. माझ्यासमोर.

फोन लागला. पलीकडचा आवाज अजून फुटला नव्हता. नववीतला पोरगा. मी नाव सांगितल्यावर पहिलं वाक्य त्याचं: "काका, परत घेणार का?" मी आईला फोन द्यायला सांगितलं. मला खात्री होती की बाईंना ह्यातलं काही माहीत नसणार, 6,500 चा आकडा ऐकून ओरडतील, पोराला धपाटा बसेल आणि आम्ही वाईट ठरू.

बाईंना सगळं माहीत होतं. त्या अंगणवाडी सेविका. पोरगा आठवीच्या शिष्यवृत्तीत आला, त्याला काय पाहिजे ते घे म्हणून कबूल केलेलं. "त्यानं मला फोनवर सगळं दाखवलं भाऊ. कपडे किती, बंदूक कुठली, नवीन घ्यायला गेलं तर वीस हजार लागतात, हे साडेसहात मिळतंय. मी घासाघीस करायला लावली, पहिल्यांदा आठ म्हणत होते. सायकल मागितली असती तर दिलीच असती ना? त्यानं हे मागितलं."

मी गप्प झालो. दुपारभर मी भावाची फूटपट्टी घेऊन बसलो होतो, आणि तिच्यावर चोख उतरलेला एकच व्यवहार सापडला तो हा. वस्तू समोर दिसत होती, किंमत रुपयात होती, नशिबाचा भाग नव्हता, अज्ञान मुलानं आईला विचारलं होतं, आईनं घासाघीस केली होती. आणि नेमका हाच व्यवहार अटींप्रमाणं निषिद्ध. दुकानातनं रोखीचा कोड घेऊन तीनशे फेऱ्या मारणं मात्र पूर्णपणे नियमात.

चोख म्हणालो, पण पुरता नाही. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या गेल्या नव्हत्या: माल एकट्या तेजसचा नव्हता, आणि कंपनीला कळलं तर आयडी बंद होऊ शकते. दोन्ही मी सांगितल्या. ओंकारचा रिकव्हरचा बेतही सांगितला, तो शेजारी बसलेला असताना. म्हटलं, ताई, पैसे परत हवे असतील तर बोला.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. पोराशी काहीतरी कुजबुज झाली. मग म्हणाल्या, "त्याला सोडवत नाही. पण एवढी जोखीम आहे तर साडेसहा कसले घेता? दोन हजार परत द्या, आणि तो ईमेल का काय तो आमच्या नावावर करून द्या."

सूरज न राहवून हसला. तेजससुद्धा.

निवाडा मग पंधरा मिनिटांत झाला. साताऱ्याला 2,000 परत. उरले 4,500, पाच वाटे केले तर 900 चा एक. चौघांचे 3,600 तेजसनं द्यायचे. ओंकार 16,800 वर अडून बसला होता, त्याला मी विचारलं की चौदा महिने तू त्या आयडीवर खेळलास की नाही. खेळलेलं परत मिळत नसतं. तो मानला, मनापासून नव्हे. तेजसनं भिशीचाच हप्ता चालू ठेवायचा, महिन्याला 300, ऑक्टोबरपासून बारा महिने. सूरज स्वतःहून म्हणाला, माझे शेवटी दे.

दोन हजारांचं काय, हा प्रश्न बायकोनं सोडवला. साखरेच्या डब्यामागून नोटा काढल्या, मला म्हणाली, त्या बाईंना पाठवून द्या, आणि तेजसला म्हणाली, "तुझ्या नावावर मांडून ठेवते. जेवण बंद करायचं नाही, आणि थकलं तर मला सांगायचं, इकडंतिकडं काही विकायचं नाही." तेजसनं तिला दिलेल्या 5,600 मधले बाकीचे 3,600 तिनं परत द्यावेत का, हे मी तिला विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. जेवण जेवून झालेलं होतं. तरीही त्या रात्री मला नीट झोप आली नाही. आणि अटी मोडणारा एक सौदा मी मधे बसून पक्का करून दिला, ईमेल बदलताना तेजसच्या शेजारी चष्मा लावून बसलो होतो, हेही लिहून ठेवतो. रद्द करायला लावणं जास्त नियमाला धरून झालं असतं. पण मग पोराच्या हातातली बक्षिसाची वस्तू काढून घ्यावी लागली असती, तीही त्याच्या काहीही चुकीशिवाय.

जानेवारीत आयडी बंद झाली. का ते कळलं नाही. जुन्या फोनवरून नव्या फोनवर गेलेली दिसली म्हणून असेल, किंवा कुणी तक्रार केली असेल. पोरगा आठ दिवस जेवणावर रुसला होता म्हणे. बाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं पैशाचं बोलतील. पैशाचं नाव काढलं नाही. त्यांना एवढंच समजून घ्यायचं होतं की ते कपडे आणि ती बंदूक आता आहेत कुठं.

"म्हणजे कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिली का भाऊ?"

मी म्हटलं, नाही ताई, दिली नाही.

"मग त्यांच्याकडं पडून आहे?"

तसंही नाही, म्हटलं. ती तशी कुठंच नव्हती.

"सायकल असती तर गंजून का होईना अंगणात दिसली असती," त्या म्हणाल्या, आणि पोराची शाळा कशी चालली आहे त्यावर बोलत राहिल्या.

त्याच आठवड्यात तेजसचा चौथा हप्ता आला. अनिकेतनं वही उघडली, तारीख लिहिली, रुपयाच्या रकान्यात 300 लिहिले, 'किती'च्या रकान्यावर आडवी रेघ मारली. 'कशाला'पाशी येऊन थांबला आणि माझ्याकडं बघितलं. काय लिहावं ते मलाही सुचेना. तो रकाना कोराच आहे.